अगंबाई, साबणाला पाझर फुटला!

शांतं पापम्! पूर्वी साबण कपडे धुवायचा. चहा झोप उडवायचा. सोनं लग्नात मिरवायला आणि अडीअडचणीला गहाण टाकायला असायचं. कोण कुणाच्या घरात नांदतं, कोण कुणासाठी उपास धरतं, ह्यात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. आता बघा. साबण पोराला मशिदीच्या दारापर्यंत सोडून येतो, चहा हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना एका टेबलाशी बसवतो, सोनार आंतरधर्मीय डोहाळजेवण घालतो, टायरवाला फटाके कुठे उडवू नयेत ते सांगतो. आणि सर्दीचं मलम? विक्सची ती २०१७ची जाहिरात आठवते ना, आपल्या गौरी सावंतांची? तृतीयपंथी आई आणि तिनं वाढवलेली लेक. घराघरांत डोळ्यांना पाणी आलं. विक्सनं आजवर जे पाणी काढलं ते निलगिरीच्या जोरावर, हे पहिल्यांदाच गोष्टीच्या जोरावर.

मार्केटिंगमधल्या पोरापोरींना विचारलं की ती गंभीर चेहरा करून सांगतात, आता ब्रँडला ‘पर्पज’ लागतो. लागतो म्हणे! पूर्वी ब्रँडला दुकान लागायचं, एजंट लागायचा, उधारी वसूल करणारा एखादा खमक्या मुनीम लागायचा. आता पर्पज लागतो. बरं, लागू दे. माणसाला उतारवयात पुण्य आठवतं, तसं कंपनीला बाजार भरला की समाज आठवत असेल. आमची तक्रार त्याबद्दल नाहीच. आमची तक्रार आहे ती हे पुण्य दुसऱ्या दिवशी सकाळी परत घेण्याबद्दल.

तनिष्कचंच घ्या. २०१३ साली ह्याच तनिष्कनं एक जाहिरात काढली होती. सावळी नवरी, तिचं दुसरं लग्न, आणि फेरे चालू असताना ‘मलाही फिरायचंय’ म्हणणारी तिची छोटी मुलगी. दिग्दर्शन आपल्या पुण्याच्या गौरी शिंदेंचं. लोकांनी काय डोक्यावर घेतली ती जाहिरात! विधवा-परित्यक्तांचे प्रश्न ज्या घरांत आजवर कुजबुजत बोलले जात, तिथंही ती पाहून बायकांनी डोळे टिपले. तनिष्कला वाटलं, जमलं की आपल्याला! मग ऑक्टोबर २०२० उजाडला. दागिन्यांच्या मालिकेचं नाव ‘एकत्वम्’. मुसलमान सासर, हिंदू सून, तिच्यासाठी सासूनं मांडलेलं डोहाळजेवण. सून विचारते, तुमच्यात ही रीत नसते ना? सासू म्हणते, मुलीला आनंदी ठेवण्याची रीत तर प्रत्येक घरात असते. बस, एवढंच. इकडं समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाळी उठली, तिकडं शेअर बाजारात तनिष्कची मालक असलेल्या टायटनचा भाव दोनेक टक्क्यांनी घसरला, आणि १३ तारखेला एकत्वम् गुंडाळलं गेलं. निवेदनात लिहिलं होतं की दुखावलेल्या भावना आणि आमचे कर्मचारी, भागीदार नि दुकानांतली माणसं ह्यांचं हित लक्षात घेऊन जाहिरात मागे घेत आहोत.

आता इथं आम्ही नाक मुरडणार होतो. ‘घाबरले मेले’ असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्याच आठवड्यात कच्छमधल्या गांधीधामच्या तनिष्कच्या दुकानाची बातमी आली. दारावर गुजरातीत माफीची चिठ्ठी लावावी लागली होती, मॅनेजरला धमक्यांचे फोन. मग आम्ही तोंड मिटलं. कारण एकतेची कल्पना सुचली ती वातानुकूलित बैठकीत, आणि तिचा जाब विचारायला माणसं आली ती गांधीधामच्या काउंटरवर. ज्या मॅनेजरनं ती चिठ्ठी लावली, त्यानं काही ती पटकथा लिहिली नव्हती. गंमत म्हणजे (गंमत कसली, पण तुम्ही समजून घ्या) महिन्याभरातच तनिष्कनं दिवाळीची दुसरी जाहिरात काढली. तीत एक नटी म्हणाली, यंदा फटाके नकोत. तीही मागे घ्यावी लागली! एका सणासुदीत दोनदा पर्पज सापडणं आणि दोनदा हरवणं, हे सराफीच्या इतिहासात आधी घडलं नसावं.

साबणाची कथा त्याहून खमंग. २०१९ची होळी. सर्फ एक्सेलच्या जाहिरातीत पांढऱ्या टीशर्टातली एक चिमुरडी सायकलवरून गल्लीभर फिरते, सगळ्यांचे रंगाचे फुगे स्वतःवर झेलते आणि गल्लीतले फुगे संपवते. मग लपलेल्या मुसलमान मित्राला कोऱ्या कपड्यांत नमाजाला सोडते. झालं! बहिष्काराचे नगारे वाजले. पण आपले धर्मवीर एवढे तापलेले, की काहींनी फोनवर ‘एक्सेल’ शोधलं आणि जे पहिलं सापडलं त्याला एक तारा देऊन मोकळे झाले. सापडलं होतं मायक्रोसॉफ्टचं एक्सेल! आकडेमोडीच्या त्या बिचाऱ्या तक्त्याचा होळीशी संबंध काय? पण त्यालाही हिंदूविरोधी ठरवून शिव्या पडल्या. ह्याआधी स्नॅपडीलला असंच भोगावं लागलं होतं. २०१५मध्ये त्यांचा चेहरा असलेल्या आमिर खाननं असहिष्णुतेबद्दल काही म्हटलं म्हणून लोकांनी स्नॅपडीलचं ॲप काढून टाकलं. ते निदान समजण्यासारखं तरी होतं. पण २०१७मध्ये स्नॅपचॅटच्या मालकाच्या नावावर भारताबद्दलचं एक कथित वाक्य फिरलं, तेव्हाही मार स्नॅपडीलनंच खाल्ला. नावात ‘स्नॅप’ आहे ना! एकाच दुकानाची दोनदा विटंबना, त्यात दुसऱ्यांदा निव्वळ आडनावबंधू म्हणून. सर्फ एक्सेलनं मात्र जाहिरात मागे घेतली नाही, हे कबूल करायला हवं. आणि त्यानंतर लोक मळक्या कपड्यांत फिरू लागले असंही आम्हाला कुठं दिसलं नाही.

आता कान जवळ आणा, कारण डाबरचं प्रकरण जरा नाजूक आहे. ऑक्टोबर २०२१, करवा चौथ. डाबरच्या ‘फेम’ची जाहिरात. दोन सुंदर तरुणी, एक दुसरीच्या चेहऱ्याला काहीतरी लावतेय, उपास कशासाठी असं बोलणं चाललंय. रात्री चाळणी हातात, चंद्र वर, आणि दोघी एकमेकींसमोर! अगंबाई! मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, नरोत्तम मिश्रांनी, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि डाबरनं बिनशर्त माफी मागून जाहिरात उतरवली. पण खरी मेख वेगळीच आहे. ती चेहऱ्याला लावत काय होती? ब्लीच! म्हणजे प्रेम कुणावर करायचं ह्याचं स्वातंत्र्य पूर्ण, पण रंग मात्र उजळलाच पाहिजे. तेव्हा उजवे चिडले जोडप्यामुळं, डावे चिडले ब्लीचमुळं, आणि स्त्रीवादी मैत्रिणी चिडल्या नवऱ्यासाठीच्या उपासाला नवं गोंडस रूप दिल्यामुळं. एका डबीत तीन भांडणं बसवायला कौशल्य लागतं. त्याच महिन्यात सब्यसाचीच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीलाही ह्याच मंत्र्यांनी चोवीस तासांची मुदत दिली, तीही उतरली. त्या ऑक्टोबरात भोपाळचं गृहखातं गुन्हे शोधत होतं की जाहिराती, कोण जाणे.

रंगावरून आठवलं. ह्या सगळ्या घराण्याची थोरली सून म्हणजे फेअर अँड लव्हली. १९७५ साली बाजारात आली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही. ट्यूब संपली की दोन्ही हजर. एका जाहिरातीत तर बाप पोरीसमोर सुस्कारतो की मुलगा असता तर बरं झालं असतं, मग पोरगी गोरी होऊन हवाईसुंदरी होते आणि बापाला कॉफी पाजते. २००३च्या सुमारास अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं त्यावर रान उठवलं आणि ती जाहिरात बंद झाली. आणि ऐका, त्याच २००३मध्ये फेअर अँड लव्हली फाउंडेशन निघालं. मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्यायला! म्हणजे आधी पोरीला सांगायचं की तुझ्या रंगामुळं तुझं काही खरं नाही, त्यातून आलेल्या पैशातला थोडा बाजूला काढायचा, आणि तिलाच म्हणायचं, घे बाळ, शिक. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुली शिकल्या असतील, त्यांचं भलं झालं असेल, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण योगायोग म्हणावा तर किती नीटनेटका!

पुढं ‘डार्क इज ब्युटिफुल’ मोहिमेवाल्या ओरडल्या, अभिनेत्री नंदिता दास बोलली, ट्यूब तशीच विकली जात राहिली. २०१९मध्ये वेष्टनावरचे ते दोन चेहरे आणि रंगछटांची पट्टी तेवढी गेली. मग मे २०२०मध्ये अमेरिकेत मिनीॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं रस्त्यात मारलं, जगभर लोक रस्त्यावर उतरले, आणि महिन्याभरात हिंदुस्थान युनिलिव्हरच्या अंधेरीच्या ऑफिसात ठरलं की नावातला ‘फेअर’ काढायचा. इतकी वर्षं इथल्या बायका सांगत होत्या, तेव्हा नाव हललं नाही. शादी डॉट कॉमनंही त्याच दिवसांत कांतीच्या रंगाची चाळणी काढली. नवं नाव पडलं ग्लो अँड लव्हली. ट्यूब गुलाबीच.

पण थांबा, खरा तमाशा पुढंच आहे. पुरुषांसाठीच्या क्रीमचं नाव त्यांनी ठेवलं ग्लो अँड हँडसम. इकडं कोलकात्याची इमामी २००५पासून ‘फेअर अँड हँडसम’ विकत होती. इमामी म्हणाली, हे नाव तर आम्ही आठवडाभर आधी ठरवलं होतं! सगळं जग वर्णभेदाविरुद्ध बोलत असताना दोन कंपन्या ‘ग्लो’ कुणाचा ह्यावरून कोर्टात. मुंबई उच्च न्यायालय झालं, मग कोलकाता उच्च न्यायालय. आणि एप्रिल २०२४मध्ये कोलकात्यानं हिंदुस्थान युनिलिव्हरला ‘ग्लो अँड हँडसम’ हे नाव वापरायला मनाई केली. सामाजिक न्यायाची लढाई शेवटपर्यंत कोण लढतं असं कुणी विचारलं, तर सांगा: ट्रेडमार्कचे वकील.

आणि झोमॅटो? त्यांच्यावर तर एक कादंबरी होईल. जुलै २०१९. जबलपूरच्या एका गिऱ्हाइकानं डिलिव्हरीवाला मुसलमान आहे म्हणून ऑर्डर रद्द केली. झोमॅटोनं जाहीर सांगितलं, अन्नाला धर्म नसतो, अन्न हाच धर्म. वा! टाळ्या! संस्थापक दीपिंदर गोयलही म्हणाले की अशा गिऱ्हाइकानं होणारं नुकसान आम्ही सोसू. पण टाळ्या विरतात न विरतात तोच लोकांनी विचारलं, मग ॲपवर हलालची खूण कशाला? आणि पुढच्याच महिन्यात हावड्याचे डिलिव्हरीवाले संपावर. आम्ही गोमांस नेणार नाही, आम्ही डुकराचं मांस नेणार नाही. मोबदल्याची जुनी तक्रार होतीच. म्हणजे ज्यांच्या पाठीवर ती पेटी होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की अन्नाचा धर्म कोणता.

२०२३च्या पर्यावरणदिनाला झोमॅटोला कचऱ्याचा पुळका आला. ‘लगान’मधला कचरा आठवतो ना, फिरकी टाकणारा, गावानं अस्पृश्य मानलेला? त्याच नटाला, आदित्य लाखियाला घेतलं आणि कचऱ्यापासून बनलेल्या वस्तू दाखवल्या. कुठं त्याचंच स्टूल, कुठं दिवा, कुठं टॉवेल. अहो, त्या पात्राचं नाव कचरा का पडलं होतं हे अख्ख्या बैठकीत एकालाही आठवू नये? ‘मसान’चे दिग्दर्शक नीरज घेवान चिडले, जाहिरात उतरली, अनुसूचित जाती आयोगाची नोटीसही आली. प्लॅस्टिक किती गोळा झालं ते सांगत सांगत माणसालाच फर्निचर करून टाकलं. ह्यावर मात्र आम्हाला नाटकी धक्का बसला नाही, खराच बसला.

मग मार्च २०२४. शुद्ध शाकाहारी पथक! हिरवा गणवेश, हिरवी पेटी, मांसाहाराचा वारा लागलेला नाही अशी. संध्याकाळपर्यंत लोकांनी दाखवून दिलं की उद्या सोसायटीचा वॉचमन लाल शर्टवाल्याला फाटकातच अडवेल, आणि लाल पेटी दारात आलेल्या भाडेकरूला घरमालक घर सोडायला सांगेल. दुसऱ्या दिवशी गोयल साहेबांनी हिरवे गणवेश रद्द केले. पथक राहिलं, रंग लालच. ही एक माघार मात्र आम्हाला आवडली. कारण ती भावना दुखावल्या म्हणून नव्हती, लाल शर्टातल्या पोराला उद्या मार बसेल म्हणून होती. आणि ह्याच कंपनीनं २०२०मध्ये पाळीच्या दिवसांसाठी वर्षाला दहा रजा द्यायला सुरुवात केली, हेही सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल नुसती कुचाळकीच करता.

आपल्या मराठीची तऱ्हाही ऐका. डिसेंबर २०२०मध्ये ॲमेझॉनच्या ॲपवर मराठी हवी म्हणून मनसेनं मोहीम काढली. कंपनी दिंडोशीच्या कोर्टात गेली, राज ठाकरेंच्या नावे नोटीस निघाली, आणि मग मुंबई-पुण्यात कंपनीच्या ठिकाणांवर खळ्ळखट्याक. सप्टेंबर २०२१मध्ये ॲप मराठी बोलू लागलं. मराठी आली ह्याचा आनंद आहेच. पण काचा फुटल्या तेव्हा मालक सिएटलला होते. काचा गोळा करणारी पोरं इथलीच होती, बहुतेक मराठीच.

हे लोण फक्त आपल्याकडचं असं समजू नका. अमेरिकेत तर कहर! बड लाइट बिअरनं एप्रिल २०२३मध्ये एका ट्रान्स कलाकाराला कॅन काय पाठवला, गिऱ्हाइकांनी दुसरी बिअर धरली. कंपनी घाबरून गुळमुळीत बोलली, तर ज्यांच्यासाठी कॅन पाठवला होता तेही रुसले. टार्गेट ह्या दुकानदारानं २०२३मध्ये समलिंगींच्या प्राइड महिन्याचा माल मांडला म्हणून एका बाजूचा बहिष्कार खाल्ला, आणि जानेवारी २०२५मध्ये समावेशकतेचे कार्यक्रम आवरते घेतले म्हणून दुसऱ्या बाजूचा. ह्या टार्गेटचं मुख्यालय कुठं? मिनीॲपोलिसला, फ्लॉइडच्याच गावात. त्याच महिन्यात कॉस्टकोच्या भागधारकांसमोर अशा कार्यक्रमांतली जोखीम तपासायचा ठराव आला, तर अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त मतांनी तो फेटाळला गेला. दुकान चालू आहे.

आणि आपल्या सरकारनं तर पुण्याचा दरच ठरवून दिलाय. २०१३चा कंपनी कायदा, कलम १३५. नक्त मत्ता पाचशे कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नफा पाच कोटी. ह्यातलं एक जरी पार केलं तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर. त्याच कायद्यानं शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक बाई सक्तीची केली. एप्रिल २०१५ची मुदत जवळ आली तशी काय धावपळ! देशभर शोध घेतला, आणि लायक बाई कित्येकांना कुठं सापडली? स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात. कुणाची पत्नी, कुणाची बहीण, कुणाची सून. म्हणजे इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून एवढी गुणवत्ता दिसली नव्हती, सेबीनं तारीख दिल्यावर एकदम दिसली.

हे सगळं ऐकून कुणी तरी म्हणतंच, कंपन्यांनी आपला माल विकावा, समाजाच्या फंदात पडू नये. त्यांना आम्ही सांगली जिल्ह्याचा रस्ता दाखवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंधच्या प्रतिनिधींनी दिलेल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. माल कोणता, तर लोखंडी नांगर. आणि लोखंडानं जमीन बाधते अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत. म्हणजे गिऱ्हाईक मिळवायचीच मारामार. अशा माणसानं खरं तर कुणाला न दुखवता गोड बोलून राहायचं. त्यानं वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरवलं, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतलं. आणि १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते ह्याच कारखान्यातून, शं. वा. किर्लोस्करांच्या हातून. नांगर नि पंपांच्या बातम्या देता देता ते मासिक रूढींवर तुटून पडायला लागलं. पुढं ‘किर्लोस्कर’, १९३०मध्ये ‘स्त्री’, १९३४मध्ये ‘मनोहर’. कुणाच्या आज्या ते पदराआड लपवून वाचायच्या, ती भानगड वेगळी सांगू.

पण क्रम बघा. आधी वाडीत अस्पृश्यता बंद, मासिक दहा वर्षांनी. आजच्या पर्पजवाल्यांचा क्रम उलटा आहे. आधी जाहिरात, मग पुरस्कार, मग गदारोळ, मग माघार. आणि दुकानात, गोदामात, स्कूटरवर कोण उभं आहे हे त्यानंतर, जमलं तर. आमचं मत विचाराल तर इतकंच: ज्याला शिव्या पडणार आहेत त्या काउंटरवरच्या पोरीला आधी विचारा, आणि ती हो म्हणाली तर मग जाहिरात उतरवू नका.

तुमच्या नजरेला अशी एखादी हृदय पिळवटून टाकणारी जाहिरात पडली तर लगेच कळवा. आठ मार्चचा मोसम विशेष चांगला असतो, दिवाळीचाही. फक्त उद्यावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी ती सापडेलच ह्याची हमी नाही.